ग्राहकांची वही : घरची कीं भाड्याची?

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं मराठी व्यापाऱ्याच्या पेढीवर नवी वही मांडली जाते. तिच्यावर कुंकवानें स्वस्तिक काढावयाचें, अक्षता आणि फूल वाहावयाचें, आणि पाडव्याला पहिली नोंद करावयाची, ही रीत अद्यापि अनेक ठिकाणीं चालू आहे. या पूजेंत मोठें व्यवहारज्ञान दडलेलें आहे. दुकानांतील माल आज आहे, उद्यां विकला जाईल. गल्ल्यांतील पैसा येईल आणि जाईल. परंतु कोणत्या घराशीं आपला काय व्यवहार आहे, हें जींत लिहिलें आहे ती वही गेली, तर धंद्याचा आधारच गेला. म्हणून वही तिजोरींत असे आणि तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला असे.

आतां वही संगणकांत गेली आहे, आणि तो संगणक बहुधा दुसऱ्याचा असतो. छोट्या धंदेवाल्यानें ग्राहकांची वही परक्या कंपनीच्या घरीं भाड्यानें ठेवावी, कीं स्वतःच्या संकेतस्थळांतच तिची सोय करावी, असा प्रश्न आज पुष्कळ घरांपुढें उभा आहे. दोन्ही बाजूंचे विक्रेते आपापला माल गोड शब्दांत मांडतात. त्या शब्दांपलीकडे जाऊन दोन्ही पारड्यांत खरोखर काय पडतें, एवढें येथें पाहावयाचें आहे.

एका घराचें उदाहरण घेतलें म्हणजे हा प्रश्न सोपा होतो. कल्पना करावी कीं, दिवाळीचा फराळ करून परगांवीं आणि परदेशीं पाठविणारें एक कुटुंब पुण्यांत आहे. आरंभीं शेजारच्या चार घरांतील मुलें अमेरिकेला होतीं. त्यांच्या आयांनीं चकल्यांचे आणि अनारशांचे डबे मागितले. पंधरा वर्षांत त्या चार नांवांचीं तीन हजार नांवें झालीं. एकाला चिवड्यांत शेंगदाणे चालत नाहींत. दुसरीला बेसनाचे लाडू साजूक तुपांतलेच हवे असतात. तिसऱ्याचे वडील श्रावणांत वारले, तेव्हां त्याला यंदां सणाच्या शुभेच्छांचें पत्र जावयाचें नाहीं. हें सारें पूर्वीं घरच्या बाईंच्या डोक्यांत मावत असे; आतां मावत नाहीं. मुलानें वर्डप्रेसवर संकेतस्थळ करून दिलें, मागण्या तेथें येऊं लागल्या, आणि मुलगा नोकरीसाठीं बंगळूरास गेला. घराची वर्षाची मिळकत आश्विनांतल्या दोनतीन आठवड्यांवर अवलंबून आहे. परदेशचा डबा दिवाळीपूर्वीं पोंचावयाचा, तर मागणी वेळेवर आली पाहिजे. आणि मागणी वेळेवर यावयाची, तर ग्राहकाला पत्र वेळेवर पोंचलें पाहिजे.

ग्राहकाचें नांव, पत्ता, मागील खरेदी, आवडनिवड आणि झालेला पत्रव्यवहार एका जागीं ठेवून त्यावरून पुढील वागणें ठरविणें, याला इंग्रजींत कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट म्हणतात. व्यवहारांत त्याचें सी. आर. एम. एवढेंच नांव रूढ आहे. ठरलेल्या प्रसंगीं ठरलेलें पत्र माणसानें हात न लावतां आपोआप जावें, या व्यवस्थेला मार्केटिंग ऑटोमेशन असें नांव आहे. पहिली गोष्ट म्हणजे वही, आणि दुसरी म्हणजे वही पाहून पत्रें टाकणारा कारकून, असें समजल्यास चूक होणार नाहीं.

यासाठीं पहिली सोय मिळते ती भाड्याची. अमेरिकेंतील अटलांटा शहरीं २००१ सालीं निघालेली मेलचिंप ही कंपनी या क्षेत्रांत सर्वपरिचित आहे. छोट्या धंदेवाल्यांना ई-मेलनें बातमीपत्रें पाठवितां यावींत, यासाठीं तिचा आरंभ झाला. आणि २०२१ मध्यें इंट्युइट या हिशेबाचें सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीनें ती सुमारें १२ अब्ज डॉलरला विकत घेतली. लहान दुकानांच्या वह्या सांभाळण्याचा धंदा केवढा मोठा झाला आहे, हें या एका आंकड्यावरून ध्यानांत यावें.

भाड्याच्या सोयीचे गुण उघड आहेत. सर्व्हर सांभाळणें नको, दुरुस्ती नको, पत्रें पोंचविण्याची खटपट नको. पहिल्या दिवसापासून काम सुरू होतें. परंतु अशा सेवांचें भाडें बहुधा यादींतील नांवांच्या संख्येवर आकारलें जातें. पत्र पाठवा अगर पाठवूं नका, नांव यादींत आहे तोंवर महिन्याचें देणें चालू राहतें. मेलचिंपनें २०१९ मध्यें गणनेची रीत बदलली, तेव्हां ज्यांनीं ‘आम्हांला पत्रें नकोत’ असें कळविलें होतें त्यांचीं नांवेंही मोजणींत येऊं लागलीं. मालकानें तीं निराळीं काढून ठेवलीं तरच तीं सुटत. एके काळीं २,००० नांवांपर्यंत फुकट असलेली सोय पुढें ५०० नांवांवर आणली गेली. यांत कंपनीनें कांहीं अधर्म केला असें नव्हे. घर तिचें, भाडें ठरविण्याचा अधिकारही तिचाच. भाडेकरूनें मात्र आजचें भाडें उद्यां राहीलच असें धरून चालूं नये. फराळाच्या घराला तर हा हिशेब विशेष बोंचतो. कारण त्याची यादी दिवाळीनंतर आठनऊ महिने निजलेली असते आणि भाडें बाराही महिने जागें असतें.

दुसरी सोय घरची. वर्डप्रेस ही संकेतस्थळें बांधण्याची प्रणाली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनीं २००३ सालीं सुरू केली. ती मुक्त परवान्याखालीं मिळते, आणि जगांतील दर पांच संकेतस्थळांपैकीं सुमारें दोन आज तिच्यावर उभीं आहेत. मूळ घराला जशी एखादी पडवी जोडावी तसा या प्रणालीला जो नवा भाग जोडतां येतो त्याला प्लगइन म्हणतात. फ्लुएंट सी. आर. एम. हें अशा प्लगइनांपैकीं एक प्रसिद्ध नांव होय. बांगला देशांतील सिल्हेट येथील एका कंपनीनें तें २०२० मध्यें बाहेर आणलें. कॅनडांतील ग्राउंडहॉग हें त्याच जातीचें दुसरें प्लगइन आहे. यांची मूळ आवृत्ती फुकट मिळते. अधिक सोयी हव्या असल्यास वर्षाची वर्गणी भरावी लागते. पण ती यादींतील नांवांच्या संख्येप्रमाणें वाढत नाहीं. तीनशे नांवें असोत वा तीस हजार, प्लगइनाला त्याचें कांहीं नाहीं.

याचें काम कसें चालतें तें पाहावें. संकेतस्थळाची सर्व माहिती ज्या कोठारांत असते त्याला डेटाबेस म्हणतात. प्लगइन ग्राहकांची वही त्याच कोठारांत मांडतें. प्रत्येक नांवाला खुणेच्या चिठ्ठ्या लावतां येतात: ‘शेंगदाणे नकोत’, ‘साजूक तूप’, ‘अमेरिका’, ‘यंदां शुभेच्छा नकोत’. मग नियम लिहावयाचा. ग्राहकानें डबा मागविला, हा झाला प्रसंग. दहा दिवस थांबावयाचें, ही झाली मुदत. ‘अमेरिका’ ही चिठ्ठी आहे काय, ही झाली अट. आणि ‘डबा नीट पोंचला ना?’ असें विचारणारें पत्र जाणें, ही झाली कृति. प्रसंग, मुदत, अट आणि कृति या चार कड्यांची सांखळी म्हणजेच सगळें ऑटोमेशन. दुकानही त्याच संकेतस्थळावर असल्यामुळें कोणी केव्हां काय घेतलें, हें वहीला दुसरीकडून आणावें लागत नाहीं. हा घरच्या वहीचा खरा गुण आहे.

खर्चाचा आंकडाही मोह पाडणारा आहे. पत्रें पाठविण्यासाठीं ॲमेझॉनची एस. ई. एस. नांवाची सेवा हजार पत्रांना दहा सेंट या दरानें मिळते. तीन हजार ग्राहकांना वर्षांत सहा पत्रें पाठविलीं तर अठरा हजार पत्रें झालीं. त्यांचा खर्च एक डॉलर ऐंशी सेंट, म्हणजे दोनशे रुपयांच्या आंतच. येथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल कीं, मग प्रश्न उरला कोठें? वही घरीं आणावी आणि मोकळें व्हावें.

प्रश्न येथूनच सुरू होतो. वही घरीं आणतां येते. टपालखातें घरीं आणतां येत नाहीं. स्वतःच्या सर्व्हरवरून हजारों पत्रें एकदम सोडलीं, तर त्यांतील पुष्कळशीं ग्राहकाच्या स्पॅमच्या उकिरड्यांत जाऊन पडतात. याला इतिहास आहे. १९७८ सालच्या मे महिन्यांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्रेत्यानें अर्पानेटवरील सुमारें चारशें जणांना आपल्या संगणकांची जाहिरात न मागतां पाठविली. नको असलेल्या जाहिरातपत्रांची सुरुवात तेथून झाली असें मानतात. तेव्हांपासून टपाल स्वीकारणाऱ्यांनीं दार अधिकाधिक अरुंद केलें. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनीं मोठ्या प्रमाणावर पत्रें पाठविणाऱ्यांना तीन पुरावे सक्तीचे केले: एस. पी. एफ., डी. के. आय. एम. आणि डी. मार्क. नांवें अवघड असलीं तरी अर्थ साधा आहे. पहिला पुरावा सांगतो कीं या नांवानें पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे. दुसरा म्हणजे पत्रावरील मोहोर. आणि तिसरा सांगतो कीं पहिले दोन जुळले नाहींत तर पत्राचें काय करावें. शिवाय जाहिरातीच्या पत्रांतून एका टिचकीसरशी नांव काढून घेतां आलें पाहिजे आणि तक्रारींचें प्रमाण ०·३ टक्क्यांच्या खालीं राहिलें पाहिजे.

म्हणून घरची वही ठेवणाराही टपाल भाड्यानेंच घेतो. आणि हा टपालवालाही कडक असतो. एस. ई. एस.चें खातें नवें असतां चोवीस तासांत दोनशेंच पत्रें पाठवितां येतात, आणि तींही आधीं पडताळून घेतलेल्या पत्त्यांवर. पुढील परवानगीसाठीं अर्ज करावा लागतो. पुढें पांच टक्के पत्रें पत्ता न सांपडल्यामुळें परत आलीं, किंवा हजारी एका जणानें ‘हा उपद्रव आहे’ असें कळविलें, तर खातें चौकशीखालीं येऊं शकतें. तीन हजारांच्या यादींत पांच टक्के म्हणजे दीडशें पत्ते. पंधरा वर्षांच्या जुन्या यादींत नोकरी बदललेले, पत्ता सोडलेले दीडशें जण सहज निघतील. आणि हजारीं एक म्हणजे अवघीं तीन माणसें. वर्षभर गप्प राहून नवरात्रांत एकाएकीं तीन हजार दारें ठोठावणाऱ्यावर कोणीही संशय घेईल. फराळाच्या घराचा सण नेमका येथें बुडूं शकतो. आणि त्या वेळीं फोन उचलणारा माणूस कोणत्याही कंपनीकडे बसलेला नसतो, कारण वही घरची आहे.

दुसरी अडचण घड्याळाची. वर्डप्रेसमध्यें वेळेवर कामें करणारी जी अंगभूत व्यवस्था आहे ती खऱ्या घड्याळावर चालत नाहीं. संकेतस्थळावर कोणी पाहुणा आला म्हणजेच ती जागी होते आणि कांहीं काम राहिलें आहे काय तें पाहते. दिवाळी सरल्यावर फराळाच्या दुकानाकडे तासन् तास कोणी फिरकत नाहीं. संक्रांतीच्या सकाळीं आठ वाजतां जावयाचें तिळगुळाचें पत्र मग कोणी वाट चुकलेला पाहुणा येईपर्यंत तसेंच पडून राहतें. यावर उपाय आहे: सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळाला दर कांहीं मिनिटांनीं ही व्यवस्था उठविण्यास सांगावयाचें. उपाय पांच मिनिटांचा आहे. परंतु तो करावा लागतो हें माहीत असणारा माणूस घरांत पाहिजे.

तिसरी गोष्ट राखणदारीची. भाड्याच्या घरीं चोरी होतच नाहीं असें नाहीं. २०२२ च्या मार्चमध्यें मेलचिंपच्या कर्मचाऱ्यांना फसवून चोर आंतील साधनांपर्यंत पोंचले. ३१९ खातीं त्यांनीं पाहिलीं आणि त्यांपैकीं १०२ खात्यांतील याद्या बाहेर नेल्या. एका यादीच्या आधारें ग्राहकांना खोटीं पत्रें पाठवून फसविण्याचा उद्योगही झाला. परंतु घरच्या वहीची स्थिति यापेक्षां सुरक्षित आहे असें समजणें भोळेपणाचें होईल. २०२० च्या सप्टेंबरांत वर्डप्रेसचें फाइल मॅनेजर नांवाचें प्लगइन सदोष निघालें; तें सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसविलेलें होतें, आणि दोषाची दुरुस्ती ज्यांनीं लगेच करून घेतली नाहीं त्यांचीं दारें सताड उघडीं राहिलीं. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या प्लगइनाचा ग्राहकांच्या वहीशीं कांहीं संबंध नव्हता. एकाच वाड्यांत सर्व खोल्या असल्या म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली तरी तिजोरीपर्यंत वाट मिळते.

मालकी म्हणजे तरी पूर्ण स्वातंत्र्य काय? तेंही नाहीं. वर्डप्रेसच्या सुधारणा ज्या मध्यवर्ती ठिकाणाहून येतात त्याचे चालक आणि डब्ल्यू. पी. इंजिन ही कंपनी यांच्यांत २०२४ सालीं वितुष्ट आलें. त्या वर्षीं २५ सप्टेंबरला या कंपनीच्या सर्व्हरांना तेथील मार्ग बंद करण्यांत आला, आणि तिच्या आश्रयाला असलेल्या संकेतस्थळांना नव्या सुधारणा नेहमींच्या वाटेनें मिळेनात. मध्यें कांहीं दिवसांची सवलत मिळाली. अखेर डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील न्यायालयाच्या हुकुमानें मार्ग पुन्हां खुला झाला. दोन मोठ्यांच्या भांडणांत ज्यांचा कांहीं दोष नव्हता असे घरधनी दाराबाहेर उभे राहिले. तात्पर्य, घर आपलें असलें तरी विहीर गांवाची असते, हें विसरूं नये.

तरीही घरच्या वहीच्या बाजूनें एक मुद्दा असा उरतो कीं तो यांतील कशानेंही पुसला जात नाहीं. भाडें थकलें, कंपनी विकली गेली, नियम बदलले, कीं भाड्याच्या घरांतून बाहेर पडावें लागतें. नांवें आणि पत्ते बहुधा बरोबर नेतां येतात. पण वर्षानुवर्षें बसविलेले नियम, पत्रव्यवहाराचा इतिहास, कोणाला काय पाठविलें आणि त्यानें काय उत्तर दिलें, हें नव्या घरांत जसेंच्या तसें मांडतां येत नाहीं. घरची वही असली तर तिची संपूर्ण नक्कल काढून दुसऱ्या सर्व्हरवर उभी करतां येते. दुकान, वही आणि इतिहास एकत्र राहतात. वर्गणी बंद केली तरी लिहिलेलें पुसलें जात नाहीं. पंधरा वर्षांचा ऋणानुबंध ज्या घराची पुंजी आहे, त्याला याचें मोल पैशांत सांगावें लागत नाहीं.

मात्र मालकीबरोबर ग्राहकाविषयींचें दायित्वही पुरतें अंगावर येतें. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ सालीं झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानें लागू करण्याचें ठरलें. संमति मोकळ्या मनानें, विशिष्ट कारणासाठीं आणि समजून दिलेली असावी, आणि ती देणें जितकें सोपें तितकेंच ती मागें घेणेंही सोपें असावें, असें हा कायदा म्हणतो. युरोपांतील ग्राहकांच्या बाबतींत तेथील जी. डी. पी. आर. हा नियम मे २०१८ पासून अंमलांत आहे. चकलीसाठीं कोणी पत्ता दिला म्हणजे वर्षभर जाहिराती ऐकण्याचें त्यानें कबूल केलें असें होत नाहीं.

आणि यंत्राच्या आंकड्यांवर किती विसंबावें, हेंही पाहिलें पाहिजे. पत्र उघडलें गेलें कीं नाहीं तें ही साधनें पत्रांत एक अदृश्य चित्र ठेवून ओळखतात. २०२१ च्या सप्टेंबरापासून ॲपलच्या टपालव्यवस्थेनें तीं चित्रें आधींच उतरवून घेण्याची सोय आणली. तेव्हां जें पत्र कोणी वाचलेंही नाहीं तें उघडलें म्हणून वहींत लागूं शकतें. ‘पत्र उघडलें, म्हणून आतां सवलतीचें दुसरें पत्र पाठवा’ असा नियम ज्यानें बसविला, तो सावलीशीं व्यापार करतो. मागणी आली, पैसे आले, किंवा ग्राहकानें दोन ओळींचें उत्तर धाडलें, हीच खरी खूण. घरच्या बाईंना कोणाचे वडील गेले हें कळलें तें ग्राहकाच्या अशाच एका उत्तरावरून. त्या नांवाला ‘यंदां शुभेच्छा नकोत’ ही चिठ्ठी माणसानें लावली, तरच यंत्र गप्प राहील. न लावली तर तें ऐन सुतकाच्या वर्षीं त्या घरीं ‘आनंदाची दिवाळी’ ठरल्या वेळीं, बिनचूक पोंचवील. कारकून इमानी आहे. पण त्याला दुःख समजत नाहीं.

तर मग निर्णय काय करावा? पारड्यांत पैसा ठेवून हा प्रश्न सुटत नाहीं. त्यांत माणूस ठेवावा लागतो. ज्या घरांत महिन्यांतून दोनतीन तास देऊन सुधारणा चढविणारा, वहीची नक्कल काढणारा आणि गरज पडल्यास त्या नकलेवरून वही पुन्हां उभी करणारा एक तरी माणूस आहे, त्यानें वही घरीं ठेवावी. ज्या घरांत असा माणूस नाहीं, त्यानें भाड्यानें ठेवावी आणि त्यांत कमीपणा मानूं नये. मात्र दर महिन्याला संपूर्ण यादी उतरवून आपल्या कपाटांत ठेवावी. बेवारशी घरच्या वहीपेक्षां राखणदार असलेली भाड्याची वही बरी. आणि ज्याचे ग्राहक अजून दोनशेंच्या आंत आहेत, त्याला दोन्हींची गरज नाहीं. साधा तक्ता आणि हातानें लिहिलेलें पत्र हें त्याचें काम अधिक चांगलें करील.

फराळाच्या घरासाठीं उत्तर ‘घरची वही’ असेंच येतें, पण दोन अटींवर. पहिली अट मुहूर्ताची. हें काम नवरात्रांत काढूं नये. पाडव्याला गुढी उभारली कीं चैत्रांत काढावें. प्लगइनाची फुकट आवृत्ती बसवावी, टपालसेवेचा अर्ज तेव्हांच करावा, तीन पुराव्यांची आणि घड्याळाची व्यवस्था लावून घ्यावी. पहिलें पत्र सर्वांत जवळच्या दोनशें ग्राहकांना, आणि तेंही विक्रीचें नव्हे: ‘आपलें नांव आमच्या यादींत राहूं द्यावें काय?’ असें विचारणारें. पुढें दर महिन्याला थोडीं थोडीं नांवें वाढवावीं. परत आलेले पत्ते त्याच दिवशीं काढून टाकावे. आषाढापर्यंत तीन हजारांपैकीं कदाचित् दोन हजारच उरतील. तेवढेच खरे ग्राहक समजावे. त्यापूर्वीं एकदां नक्कल काढून ती दुसरीकडे उभी करून पाहावी; कारण जी नक्कल कधीं उभी करून पाहिली नाहीं ती असून नसल्यासारखीच होय. वर्गणीची आवृत्ती घ्यावी कीं नाहीं, याचा विचार पहिली दिवाळी पार पडल्यावर करावा. आणि कांहीं बिनसलेंच, तर भाद्रपदाच्या अखेरीपर्यंत यादी उचलून भाड्याच्या घरीं नेण्यास वेळ उरतो. आश्विनांत तो उरत नाहीं.

दुसरी अट किल्लीची, आणि ती अधिक महत्त्वाची. अनेक घरांत असें होतें कीं, सर्व्हरचा, संकेतस्थळाच्या नांवाचा आणि टपालसेवेचा परवलीचा शब्द परगांवीं गेलेल्या मुलाच्या नाहींतर भाच्याच्या फोनमध्यें असतो. कंपनीची वही जशी परक्याची, तशी ही वहीही मग घरांत असून घरची राहत नाहीं. बंगळूरच्या मुलानें पुढल्या सुटींत येऊन नवें कांहींच बसवूं नये. आईला शेजारीं बसवून, तिच्याच हातानें एकदां नक्कल काढवून घ्यावी, एका नांवाला चिठ्ठी लावून घ्यावी आणि सर्व परवलीचे शब्द कागदावर लिहून ते घरच्या कपाटांत ठेवावे. तिला हें जमलें, तर घरची वही घेण्यास कांहीं हरकत नाहीं. तिला तें नको असेल, तर मुलानें आग्रह न धरतां भाड्याची वाट धरावी.

येत्या लक्ष्मीपूजनाला त्या घरीं पाटावर कदाचित् कागदाची वही नसेल, संगणक असेल. त्यावर हळदकुंकू वाहण्यापूर्वीं एकच गोष्ट पाहून घ्यावी: किल्ली कोणाच्या कमरेला आहे.